गोदामात माथाडी आणि फोर्कलिफ्ट एकाच वाटेवर: सुरुवात कुठून करावी?

शिवडी_गोदाम यांनी विचारले:

नमस्कार. शिवडी आणि कॉटन ग्रीन यांच्या मधल्या पट्ट्यातील एका जुन्या गोदामाचे रोजचे कामकाज मी पाहतो. आजवर आमचा बहुतेक माल माथाडी टोळीच्या खांद्यावरून आणि हातपॅलेटवरून हलत असे. दिवाळीनंतर मालकांनी बॅटरीवर चालणारा, दोन टन क्षमतेचा फोर्कलिफ्ट घेतला आणि तेव्हापासून कामाचा वेग वाढला असला तरी माझी काळजीही वाढली आहे. इमारत जुनी आहे. लोखंडी खांब ठरावीक अंतरावर उभे आहेत, फरशी शहाबादी आणि जागोजागी बसलेली आहे, मधून झाकणे टाकलेले गटार जाते, आणि माल, ट्रकचे चालक, माथाडी व यंत्र या सगळ्यांना आत येण्यासाठी एकच मोठा दरवाजा आहे.

गेल्या आठवड्यात वळताना यंत्राची मागची बाजू एका खांबाकडे सरकली. त्या फटीत आमच्या टोळीतील एक माथाडी उभा होता. त्याने अंग चोरून स्वतःला बाहेर काढले, त्यामुळे इजा झाली नाही. शेजारची हातगाडी मात्र मोडली. त्यानंतर बैठक झाली आणि सर्वांना चमकत्या पट्ट्यांची जाकिटे, भिंतीवर सूचनाफलक व यंत्राला मोठ्या आवाजाचा हॉर्न असे तीन उपाय ठरले. हॉर्न आताही दिवसभर वाजतच असतो आणि त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, म्हणून या उपायांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

आमचा ऑपरेटर पूर्वी टेम्पो चालवत असे. त्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे आणि यंत्र विकणाऱ्यांच्या माणसाने त्याला एका दुपारी सगळे दाखवून दिले होते. एवढे पुरेसे मानावे काय? शिवाय आमच्याकडे यंत्रांच्या सुट्या भागांच्या लाकडी पेट्या येतात. त्यांतील काही सुमारे सोळाशे किलो वजनाच्या आणि दीड मीटर लांब असतात. यंत्र दोन टनांचे असल्याने त्या उचलायला हरकत नाही असे सगळे धरून चालतात, पण पेटी उचलली की मागची चाके हलकी झाल्यासारखी वाटतात असे ऑपरेटर सांगतो. बॅटरीचे चार्जिंग सध्या पोटमाळ्याच्या जिन्याखाली होते. या सगळ्यात आधी कशाला हात घालावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

---

प्रशिक्षक_ठाणे यांचे उत्तर:

आपण जी घटना सांगितली आहे, ती ऑपरेटरच्या बेफिकिरीपेक्षा यंत्राच्या रचनेतून घडलेली आहे, आणि हे बैठकीत कोणी मांडले नसावे असे वाटते. मोटारीची पुढची चाके वळतात. फोर्कलिफ्टची मागची वळतात. त्यामुळे यंत्र उजवीकडे वळू लागले की त्याची पाठ डावीकडे फेकली जाते, आणि तीही अगदी कमी जागेत व झटकन. टेम्पो चालवलेल्या माणसाच्या हाताला आणि नजरेला पुढचा भाग सांभाळण्याची सवय असते, पाठ बाहेर फिरण्याची नसते. खांबांच्या रांगेत ही सवय घातक ठरते, कारण खांब आणि काउंटरवेट (तोल राखण्यासाठी यंत्राच्या पाठीला बसवलेले जड वजन) यांच्या मधे सापडलेल्या माणसाला मागे सरकायला जागाच उरत नाही. दोन टनी बॅटरी फोर्कलिफ्ट मोकळा असतानाच साडेतीन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे मालासह पाच टनांच्या वर. जाकिटे अवश्य घ्यावीत, पण जाकीट घातलेला माणूसही त्या फटीत तितकाच चिरडतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, माणसे आणि यंत्र एका वेळी एका वाटेवर असूच नयेत, अशी गोदामाची मांडणी करावी. फरशीवर पिवळे पट्टे ओढणे ही सुरुवात आहे, पण नुसत्या पट्ट्याने कोणी थांबत नाही. पावसाळ्यात ते पट्टे चिखलाखाली दिसतही नाहीत. आपल्याकडे खांब आयते आहेत. खांबापासून खांबापर्यंत कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा घालून एका कडेने पायवाट वेगळी करता येईल. जेथे कठडा शक्य नाही, तेथे ज्या वेळेत यंत्र एका वाटेत काम करत असेल त्या वेळेत दोन्ही तोंडांना साखळी लावून ती वाट पायी चालणाऱ्यांसाठी बंद ठेवावी आणि साखळी काढण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्यावा. माणसांसाठी निराळा दरवाजा काढता आला तर फार उत्तम. जुन्या गोदामांना बहुधा बाजूला एखादा बंद पडलेला छोटा दरवाजा असतो, तो आधी शोधावा. ट्रकचे चालक आणि क्लीनर चलन हातात घेऊन थेट थप्पीपर्यंत येतात, हे मी बहुतेक गोदामांत पाहतो. त्यांना थांबण्यासाठी दरवाजाजवळ बाक, पाणी आणि खिडकी एवढी सोय केली तरी आत फिरणारी निम्मी गर्दी कमी होते.

यानंतर वेग. ताशी दहा किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेतीन मीटर. ऑपरेटरला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच यंत्र तेवढे पुढे आलेले असते, आणि ओल्या शहाबादी फरशीवर थांबायला लागणारे अंतर त्यापुढे निराळे. बॅटरीवरील बहुतेक यंत्रांत कंट्रोलरमधून कमाल वेग कमी करून घेता येतो. सर्व्हिस इंजिनियरकडून तो चालण्याच्या वेगाच्या थोडा वर आणून ठेवावा. फलक लावून वेग कमी होत नाही, यंत्रातच तो कमी करावा लागतो. हॉर्न फक्त वळणावर, दरवाजात आणि वाटांच्या तिठ्यावर वाजवायचा असा नियम घालावा. दिवसभर वाजणाऱ्या हॉर्नला कान सरावतात, हे आपण पाहतच आहात. अंध वळणांवर बहिर्वक्र आरसे लावावेत, आणि जमल्यास यंत्रापुढे फरशीवर निळा ठिपका टाकणारा दिवा बसवावा. गोंगाटात तो कानापेक्षा आधी लक्षात येतो.

आता उलटण्याविषयी, कारण मागची चाके हलकी वाटणे ही गंभीर खूण आहे. फोर्कलिफ्टला चार चाके दिसत असली तरी मागचा आस मध्यावर एकाच खिळीवर डुलतो, त्यामुळे यंत्राचा खरा आधार पुढची दोन चाके आणि ती खीळ अशा तीन बिंदूंचा असतो. यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ते उभे राहते. माल जड किंवा लांब असेल तर तो मध्य पुढे सरकतो. माल उंचावला की तो वर जातो आणि मग थोडासा उतार, वेगात घेतलेले वळण किंवा गटाराचे एक बसलेले झाकण त्याला त्रिकोणाबाहेर काढायला पुरते. पुष्कळांना ठाऊक नसते की मोकळे यंत्र मास्ट (माल वर नेणारी पुढची उभी चौकट) उंच ठेवून वेगात वळवले, तर ते भरलेल्या यंत्रापेक्षाही सहज आडवे होते. चालताना फोर्क (माल उचलणारे पुढचे दोन लोखंडी दाते) जमिनीपासून वीतभरच वर आणि मास्ट किंचित मागे झुकवलेला, हा नियम म्हणूनच आहे. उतारावर माल असताना फोर्क चढाच्या दिशेला, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना उलट. यंत्र मोकळे असेल तेव्हा फोर्क उताराच्या दिशेला. उतारावर वळायचे मात्र कधीच नाही.

यंत्र आडवे होऊ लागले की बाहेर उडी मारावीशी वाटते आणि बहुतेक मृत्यू त्यातच होतात, कारण डोक्यावरची लोखंडी जाळी उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येते. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र ज्या बाजूला पडते आहे तिच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवून आतच राहावे. ऑपरेटरकडून हे तोंडी वदवून घेऊन भागत नाही. उभ्या यंत्रावर बसवून वारंवार सराव करून घ्यावा.

परवान्याविषयी. मोटार वाहन कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष वाहने वगळलेली आहेत, पण हेच यंत्र आवाराबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर आले की प्रश्न बदलतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बांधकाम उपकरण वाहनांच्या यादीत फोर्कलिफ्टचे नाव आहे. शिवडीत एका गाळ्यातून समोरच्या गाळ्यात माल नेताना यंत्रे सर्रास रस्ता ओलांडतात, तेव्हा नोंदणी, विमा आणि परवाना हे तिन्ही तपासून घ्यावेत. आवाराच्या आत मात्र खरा प्रश्न परवान्याचा नसून प्रशिक्षणाचा आहे, आणि मोटारीच्या परवान्याने तो सुटत नाही. तत्त्वे समजावणे, प्रत्यक्ष सराव आणि आपल्याच गोदामात, आपल्याच मालासह घेतलेली परीक्षा, असे तीन टप्पे असावेत. अमेरिकेतील नियमाप्रमाणे ऑपरेटरची निदान तीन वर्षांनी पुन्हा पारख करावी लागते, आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात झाला तर त्याआधीच उजळणी द्यावी लागते. हा नियम आपल्याला लागू नसला तरी आपण तो आपल्या रजिस्टरमध्ये लिहून पाळू शकतो. सायन येथील केंद्रीय श्रम संस्था आणि बेलापूर येथील राष्ट्रीय सुरक्षा परिषद या दोन्ही संस्था औद्योगिक सुरक्षेचे वर्ग घेतात. तेथे चौकशी करावी. अठरा वर्षांखालील मुलाला यंत्रावर बसू देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण दुपारच्या सुट्टीत हेल्पर पोरे किल्ली लावलेल्या यंत्राशी खेळतात, म्हणून सांगतो. उतरताना फोर्क जमिनीला टेकवलेले, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली ऑपरेटरच्या खिशात.

---

न्हावाशेवा_ऑपरेटर यांचे उत्तर:

मी कंटेनर यार्डात यंत्र चालवतो. वरील माहिती योग्य आहे. फक्त आसनावर बसलेल्या माणसाला काय दिसते, ते येथे जोडतो. समोर पेटी घेतली की पुढचे काहीच दिसत नाही. नियम सांगतो की अशा वेळी यंत्र उलट चालवावे. ते बरोबरच आहे, परंतु पूर्ण शिफ्ट मान मागे वळवून चालवले की दुपारनंतर मान वळेनाशी होते, आणि मग ऑपरेटर पेटीच्या कडेने डोके काढून पुढे चालवू लागतो. त्यामुळे उंच मालाच्या फेऱ्या सलग लावू नयेत, मधे कमी उंचीचे काम द्यावे. हे नियोजन ऑपरेटरच्या हातात नसते, आपल्यासारख्यांच्या हातात असते.

यंत्रापुढे चालत वाट मोकळी करणारा हेल्पर काही गोदामांत ठेवतात. माझ्या मते हा उपाय नाही, हा आणखी एक माणूस धोक्यात घालणे आहे. हेल्पर द्यायचाच असेल तर तो वाटेच्या तोंडाशी, कठड्याच्या मागे उभा असावा, त्याचे हातवारे आधी ठरलेले असावेत, आणि तो नजरेआड झाला की यंत्र थांबवायचे हे दोघांनाही माहीत असावे.

आणखी एक गोष्ट. रॅकवरचा एखादा खोका काढायला किंवा बल्ब बदलायला रिकाम्या पॅलेटवर माणूस उभा करून वर चढवण्याची पद्धत सगळीकडे आहे. साहेब स्वतः सांगतात, तेव्हा नाही म्हणणे अवघड जाते. पॅलेट फोर्कवर नुसते ठेवलेले असते, अडकवलेले नसते. वरच्या माणसाने तोल बदलला की ते तिरके होते. आपण गोदाम पाहता, तर "अशा कामाला ऑपरेटरने नकार द्यावा आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही" असे सही-शिक्क्यानिशी लिहून लावावे. तो फलक मात्र खरोखर उपयोगी पडेल.

---

जुना_पाना यांचे उत्तर:

यंत्रे दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून पेटी, फोर्क आणि बॅटरी यांविषयीच लिहितो.

सोळाशे किलोची पेटी दोन टनी यंत्राला झेपते, हा समज कसा चुकतो ते आकड्यांत पाहावे. क्षमतेच्या पाटीवर नुसते वजन लिहिलेले नसते, त्यापुढे भारमध्य लिहिलेला असतो. या आकाराच्या यंत्रांना तो बहुधा ५०० मिलिमीटर असतो, म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या वजनाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच दोन टन. आपली पेटी दीड मीटर लांब आहे आणि लांबीतून उचलली तर तिचा मध्य ७५० मिलिमीटरवर जातो. यंत्र हा पुढच्या आसावर तोललेला तराजूच आहे, तेव्हा अंतर आसापासून मोजायचे. आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिलिमीटर धरले (हे यंत्रागणिक बदलते), तर पाटीवरचा भार ९५० मिलिमीटरवर २००० किलो होतो. तोच तोल १२०० मिलिमीटरवर सांभाळायचा तर वजन १५८३ किलोंच्या वर जाता कामा नये. म्हणजे पेटी जमिनीलगतच मर्यादेबाहेर गेलेली आहे, आणि उंचावर नेली की मास्ट लवतो आणि शिल्लक आणखी घटते. ऑपरेटरला मागची चाके हलकी वाटतात ती यामुळेच. त्याचे म्हणणे खरे आहे आणि ते ऐकावे. हा हिशेब समजण्यापुरता आहे. कोणत्या भारमध्यावर व उंचीवर किती उचलायचे, ते निर्मात्याचा तक्ता पाहूनच ठरवावे, तो यंत्राच्या पुस्तिकेत असतो.

पेटीची रुंदी एक मीटरच्या आत असेल तर साधा मार्ग आहे. पेटी आडवी ठेवून रुंदीच्या बाजूने फोर्क घालावेत, म्हणजे मध्य पुन्हा ५०० मिलिमीटरच्या आत येतो. वाट मात्र दीड मीटरहून बरीच रुंद लागेल, आणि पेटीतील यंत्र एका टोकाला जड असेल तर मध्य पेटीच्या मधोमध नसतो, हेही ध्यानात घ्यावे. हे जमत नसेल तर तीन टनी यंत्र भाड्याने आणावे. मागच्या बाजूला चार माणसे उभी करून पेटी उचलण्याचा प्रकार मी मशीद बंदरापासून तळोजापर्यंत सगळीकडे पाहिला आहे. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये. ड्रम धरण्याचा चिमटा किंवा बाजूला सरकणारी चौकट जोडली, तर तिचे स्वतःचे वजन क्षमतेतून वजा होते आणि भारमध्यही पुढे जातो, म्हणून अशा जोडणीसह निर्मात्याकडून नवी पाटी करून घ्यावी.

फोर्कची टाच, म्हणजे उभा आणि आडवा भाग जेथे मिळतो तो वळसा, फरशीवर घासून झिजतो. झीज मूळ जाडीच्या दहा टक्क्यांवर गेली की फोर्क बाद करावा. दहा टक्के म्हणजे थोडेच असे वाटते, पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने कमी होते, म्हणून दहा टक्के झिजलेला फोर्क जवळपास वीस टक्के अशक्त झालेला असतो. मूळ जाडी उभ्या भागावर मोजावी, तो झिजत नाही. तेथे ४० मिलिमीटर असेल तर टाचेला ३६ ही अखेरची मर्यादा. फोर्कवर वेल्डिंग करून तो भरून काढू नये, कारण त्याची उष्णता-प्रक्रिया बिघडते आणि तो काही सूचना न देता तुटतो. उचलणाऱ्या साखळीत तीन टक्के वाढ झाली, म्हणजे नवी असताना जितक्या कड्या ३०० मिलिमीटरमध्ये बसत होत्या तितक्याच आता ३०९ घेऊ लागल्या, की ती बदलावी. हायड्रॉलिक नळीतून तेल झिरपते आहे का हे हात फिरवून पाहू नये. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते आणि वरून केवळ टाचणीएवढे छिद्र दिसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

शहाबादी फरशीकडेही लक्ष द्यावे. मालासह चालताना यंत्राचे बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे एका चाकाखाली दोन टनांहून अधिक. आपली गटाराची झाकणे माणसांच्या आणि हातगाडीच्या वजनासाठी टाकलेली असणार. यंत्राच्या वाटेवर येणारी झाकणे जाड चेकर्ड प्लेटची किंवा प्रबलित काँक्रीटची करून घेतल्याशिवाय तेथून माल नेऊ नये.

जिन्याखालचे चार्जिंग मात्र उद्याच्या उद्या हलवावे. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना, विशेषतः चार्जिंग संपत येताना, हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि तो हवेपेक्षा हलका असल्याने वर जाऊन नेमका पोटमाळ्याच्या तक्त्याखाली साठतो. त्यातून जिना हीच पोटमाळ्यावरच्या माणसांची पळवाट. चार्जिंगची जागा उघड्या भिंतीकडे, छताजवळ हवा बाहेर जाईल अशी असावी. तेथे विडी, वेल्डिंग आणि मोबाइल चार्जरचे लोंबते जोड यांना बंदी असावी. चार्जर बंद केल्याशिवाय जोड उपसू नये. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरावे, आधी भरले तर फुगून आम्लासह बाहेर येते. गॉगल, रबरी हातमोजे आणि डोळे धुण्यासाठी वाहत्या पाण्याची सोय जवळच हवी. आम्ल उडाले तर निदान पंधरा मिनिटे डोळा धुवत राहावे आणि तसेच रुग्णालय गाठावे.

जाता जाता एक इशारा. सध्या जुन्या यंत्रांत लिथियम बॅटरी बसवून देणारे पुष्कळ जण फिरत आहेत. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे वजन हा काउंटरवेटचाच भाग असतो. लिथियमचा संच बराच हलका असतो, आणि कमी पडलेले वजन लोखंड घालून भरून काढले नाही तर दोन टनी यंत्र दोन टनांचे राहत नाही. पाटीवर बॅटरीचे किमान वजन छापलेले असते; ते पाहिल्याशिवाय कोणाच्या स्वस्त प्रस्तावाला होकार देऊ नये.

---

शिवडी_गोदाम यांनी लिहिले:

सर्वांचे मनापासून आभार. चार्जर पाठीमागच्या उघड्या पडवीच्या बाजूला हलवण्याचे काम सुरू केले आहे आणि दीड मीटरच्या पेट्यांसाठी मालकांनी मोठे यंत्र भाड्याने आणण्यास मान्यता दिली आहे. अडचण मात्र निराळ्याच ठिकाणी आली. वाट साखळीने बंद ठेवण्याचा विषय काढताच मुकादमांनी हरकत घेतली. टोळीची मजुरी टनावर आणि नगावर ठरलेली आहे. यंत्र काम करत असताना माथाडी बाहेर थांबले तर त्यांचा दिवस बुडतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मला ते चुकीचे वाटत नाही. शिवाय माथाडी हे आमचे कर्मचारी नसून माथाडी मंडळाकडे नोंदलेले कामगार आहेत, म्हणून त्यांना प्रशिक्षणाला बसवण्याचा खर्च आपला नाही, असे आमच्या कार्यालयातून सांगण्यात आले.

---

सुरक्षा_अधिकारी_तुर्भे यांचे उत्तर:

मुकादमांची हरकत ऐकून घेतलीत हे बरे केलेत, कारण टोळीला विश्वासात न घेता लावलेली साखळी पहिल्या घाईच्या दिवशीच निघते. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगारांची नोंदणी व मजुरीचा भरणा मंडळामार्फत होतो, हे खरे. परंतु फरशी, वाटा, दिवे आणि यंत्र हे सारे गोदामचालकाच्या ताब्यात असते, मंडळाच्या नव्हे. यंत्र चालते त्या जागेत जो कोणी पाऊल टाकतो, त्याला तेथील धोका समजावणे हे त्या जागेच्या चालकाचेच काम आहे, मग तो माथाडी असो, ट्रकचा क्लीनर असो किंवा कस्टम हाउस एजंटचा माणूस असो. कार्यालयाने खर्चाचा मुद्दा काढला आहे, पण टोळीला यंत्राशेजारी उभे करून पाठ कशी फिरते, ऑपरेटरला आसनावरून काय दिसत नाही, हे दाखवायला अर्धा तासही लागत नाही. प्रत्येक माथाड्याला बंद यंत्राच्या आसनावर एकदा बसवावे. समोरची पेटी किती झाकते हे त्याला स्वतःला दिसले की पुढचे सांगावे लागत नाही.

मजुरीच्या प्रश्नाला वेळापत्रकापेक्षा जागेची वाटणी अधिक उपयोगी पडते. दरवाजाच्या आत एक मोकळा चौकोन आखावा. यंत्राने थप्पीवरून माल आणून त्या चौकोनात टेकवावा, मागे फिरावे आणि ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्यावरच टोळीने माल ताब्यात घेऊन ट्रकच्या हौद्यात चढवावा. असे दोन चौकोन असतील तर एकात टोळी काम करत असताना दुसऱ्यात यंत्र माल टेकवते आणि कोणीही कोणासाठी थांबत नाही. पोती, गठ्ठे आणि सुटे खोके यांना ही पद्धत चांगली बसते. ड्रम व मोठ्या पेट्या यंत्रानेच थेट चढवाव्यात आणि तेवढ्या वेळेची मजुरी काय धरायची हे मालक, मुकादम आणि मंडळाचे निरीक्षक यांनी आधी बसून लेखी ठरवावे. फोर्कलिफ्ट आल्याने टोळीचे टन कमी होणार, ही भीती त्या हरकतीमागे असते. त्यावर आधी बोलणे झाले नाही, तर साखळीवरचे भांडण मिटणार नाही.

थोडक्यात टळलेल्या घटनांसाठी एक वही दरवाजाजवळ ठेवावी आणि तिच्यात नाव न लिहिता नोंद करण्याची मुभा द्यावी. खांबाजवळची ती घटना तिच्यात पहिली लिहावी. दोन-तीन महिन्यांनी वही चाळली की कोणत्या खांबापाशी आणि कोणत्या वेळेला गर्दी होते ते कळते, आणि कठडा नेमका कोठे हवा याचा वाद उरत नाही.

---

प्रशिक्षक_ठाणे यांनी लिहिले:

दोन चौकोनांची सूचना उत्तम आहे. तिला एकच जोड देतो, कारण यंत्र थेट ट्रकमध्ये शिरणार असेल तर धोका गोदामातून हौद्यात जातो. फलाटाला लागलेल्या ट्रकच्या मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. यंत्र आतबाहेर करताना प्रत्येक धक्क्याने ट्रक किंचित पुढे सरकत राहतो आणि फलाट व हौदा यांतील फट नकळत वाढते. मधली लोखंडी पाटी निसटली की यंत्र त्या फटीत कोसळते. चालकाने गाडी लावताच किल्ली आपल्या खिडकीत जमा करावी आणि शेवटची पेटी चढून यंत्र मागे फिरल्यावर ऑपरेटरने खूण केल्यावरच ती परत द्यावी. यंत्र हौद्यात असतानाच चालकाने गाडी काढल्याची उदाहरणे या व्यवसायात पुष्कळ आहेत. जुन्या ट्रकचा लाकडी तळ यंत्राचे वजन घेईल का, हेही आत शिरण्याआधी खालून टॉर्च मारून पाहावे. शंका असेल तर माल हौद्याच्या कडेवर टेकवून आत हातपॅलेटने सरकवावा.